आबांचं बारसं

गडमुडशिंगी
१० ऑगस्ट २०२५

सम्राट,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस, म्हणून आता कागदावर आले. जमशेदपूरचा पत्ता विश्वजितनं दिला. वर्दी सोडल्यावर तू वर्षभर शिरोलीच्या फाउंड्रीत होतास तेव्हाचा तुझा दोस्त. त्याच्यावर रागावू नकोस. मी त्याच्या घरी चहा पीत बसले आणि पत्ता मिळेपर्यंत उठलेच नाही.

आण्णांची पंचाहत्तरी झाली. गुडघे संपावर आहेत, आवाज ठाण्यात होता तसाच आहे. रोज सकाळी अंगणात खुर्ची टाकतात आणि गल्लीतल्या पोरांच्या मोटरसायकली ओळीत लावून घेतात. पोरं साहेब म्हणतात, हे खूश. तुझं नाव निघालं की उठून आत जातात.

सात वर्षांपूर्वी त्या मोर्च्यातल्या लाठीमारानंतर तू राजीनामा दिलास आणि आण्णांनी अंगणातल्या नळाखाली कपड्यांसकट बसून तुझ्या नावानं आंघोळ केली, ते तुला सांगायला नको. तू बॅग घेऊन फाटकाबाहेर होतास, मी दारात. आई हयात असती तर तिनं त्यांना हाताला धरून उठवलं असतं. मी मनाची समजूत घालत आले की तो राग होता, उतरेल. राग उतरला, सम्राट, आणि त्याच्या जागी काहीतरी थंड येऊन बसलंय. परवा जेवताना ते म्हणाले, "यंदा म्हाळाला सम्राटचं पान वाढायचं. अर्धवट कशाला ठेवायचं?" मीठ मागावं तसं म्हणाले.

आंघोळ गल्लीनं पाहिली, ती गल्ली विसरेलही. पण पितृपक्षात तुझ्या नावानं पान वाढलं की तू या घराच्या मेलेल्यांत जमा झालास. मग उद्या तू दारात उभा राहिलास तरी आण्णांना दार उघडता यायचं नाही, आणि त्यांना मी ओळखते, ते उघडणारही नाहीत. सर्वपित्री अमावास्या एकवीस सप्टेंबरला आहे. तोवर मला काहीतरी करायचं आहे. काय, ते अजून सुचलेलं नाही.

मध्येच त्यांनी मला एक काम लावलंय. भुदरगडातल्या आपल्या मूळ वाडीत माजी सैनिक एक दगड उभा करतायत, मोठ्या लढाईतून न परतलेल्यांच्या नावांचा. पहिलं नाव आपल्या कृष्णात आज्जांचं. देवघरात खंडोबाच्या शेजारी तो फेटेवाल्या माणसाचा चांदीचा टाक आहे ना, तो त्यांचाच. आपल्या आजोबांचे, आबांचे, थोरले भाऊ, इटलीत पडले, तार आली, एवढंच आपल्याला ठाऊक. आण्णांना त्यांची पलटण, नंबर, कुठं पडले ते सगळं हवंय. "तू दिवसभर कॉम्प्युटरपुढं असतीस की. काढ." फाउंड्रीत मी कास्टिंगच्या गाड्या रवाना करते, माणसं शोधत नाही, पण त्यांना कोण सांगणार.

तर बसले शोधत. त्या लढाईत मेलेल्या प्रत्येक शिपायाचं नाव नोंदलेलं आहे, ज्यांना थडगं मिळालं नाही त्यांचंसुद्धा. साताऱ्याची, रत्नागिरीची, बेळगावची पोरं. एकोणीस वर्षांचा, वीस वर्षांचा. एका दुपारी डबा खाता खाता वाचायला लागले आणि डबा तसाच राहिला. कुठं आपली डोंगरातली वाडी आणि कुठं ती बर्फातली नदी, आणि या पोरांनी ती छातीएवढ्या पाण्यातून ओलांडली. मला तर आजवर इटली म्हणजे बूट एवढंच ठाऊक होतं.

पण कृष्णात इंदुलकर त्यात नाहीत. सगळीकडून शोधलं. रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज केलाय.

तू आबांना पाहिलं नाहीस. ते गेले तेव्हा मी सात वर्षांची होते, आणि मला त्यांच्या दोन गोष्टी पक्क्या आठवतात. देवपूजेत ते भावाचा टाक सगळ्यांत शेवटी हातात घ्यायचे आणि सगळ्यांत जास्त वेळ धूत राहायचे. आणि गारगोटीहून त्यांची धाकटी बहीण, आपली बायडाआज्जी आली, की हे पांढऱ्या मिशांचे जमादार वाकून तिच्या पाया पडायचे आणि तिला 'आई' म्हणायचे. चौदा वर्षांनी लहान बहिणीला. आम्ही पोरं हसायचो. आण्णा सांगायचे, आबांची आई लवकर गेली, बहिणीत आई बघतात, हसू नका.

उत्तर लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

ताई


गडमुडशिंगी
३१ ऑगस्ट २०२५

सम्राट,

उत्तर नाही. बरं. तू इंदुलकरच आहेस याचा आणखी काय पुरावा पाहिजे.

बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसातून फोन आला. मी वजनकाट्यापाशी होते, मागे ट्रकचा हॉर्न, एका कानात बोट घालून ऐकत होते. पलीकडचा माणूस सावकाश बोलत होता. "ताई, तुमचा मानूस मेलेला न्हाई. जखमी हून दुसऱ्या पलटणीच्या इस्पितळात पडलावता, शुद्ध न्हवती. हिकडं मेला म्हणून तार गेली. मागनं दुरुस्ती झालीया. शेहेचाळीस साली हितनंच सुटून घरला गेलाय त्यो." मी त्याला पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, आणि वर म्हणाला, चांगला शिपाई होता.

घरी येऊन आण्णांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला नाही. म्हणाले, सरकारी घोळ आहे, एकाचं दुसऱ्याला चिकटवलंय. मी म्हटलं, घरी आला असेल तर? तेव्हा पेपर खाली आला. आला असता तर आबांनी सांगितलं नसतं का, ते म्हणाले. सख्खा भाऊ जिवंत घरी येतो आणि माणूस मरेपर्यंत त्याचा टाक पुजतो, असं कुठं असतंय का?

असं कुठं नसतं, हे मलाही पटलं. पण मग तो शिपाई बेळगावहून निघाला आणि गेला कुठे?

विचारत विचारत नेसरीकडच्या एका म्हाताऱ्या सुभेदारांचा पत्ता लागला. त्यांचे वडील त्याच कंपनीत होते. रविवारी गेले. पावणं कुठलं, कुणाचं, सगळी चौकशी झाली, चहा झाला, पुन्हा चहा झाला, आणि मग त्यांनी भिंतीवरचा फोटो उतरवून माझ्या मांडीवर ठेवला. तंबूपुढे बसलेले दहाबारा जवान. सुभेदारांनी एका चेहऱ्यावर बोट टेकवलं. हा कृष्णात इंदुलकर, माझ्या वडिलांचा जोडीदार, दोघं एका ताटात जेवायचे.

कोवळा चेहरा. मिशी नुकतीच आलेली, फोटोसाठी रोखून धरलेला श्वास. मी भावकीचं नाक शोधत होते, तोच नजर कानावर गेली. उजव्या कानाची पाळी खालून फाटलेली, दोन टोकं वेगळी. लहानपणी आबांच्या कानातली बाळी बैलाच्या शिंगाला अडकली होती आणि पाळी फाटली होती, ही गोष्ट मी आबांच्याच मांडीवर बसून, त्याच पाळीशी खेळत ऐकलेली आहे. ती दोन टोकं माझ्या बोटांना अजून ठाऊक आहेत.

मोबाइलवर फोटो काढून आणला. आपल्या ओसरीवर आबांचा पोलिसातला फोटो आहे त्याच्याशेजारी धरला. एकच कान, सम्राट. एकच कपाळ, एकच हनुवटी. कृष्णात आज्जा आणि आबा हे दोन भाऊ नव्हतेच. एकच माणूस होता.

म्हणजे तो टाक आबांचा स्वतःचा होता. आयुष्यभर रोज सकाळी हा माणूस मेलेल्या स्वतःला आंघोळ घालत होता, हळदकुंकू लावत होता, नैवेद्य दाखवत होता आणि मग सायकल काढून ड्युटीवर जात होता. भीती नाही वाटली. देवघरात गेले आणि तो टाक हातात घेतला.

आण्णांना अजून दाखवलं नाही. हे समजावून सांगू शकेल असं एकच माणूस जिवंत आहे, तिच्याकडे आधी जाते.

ताई


गडमुडशिंगी
१४ सप्टेंबर २०२५

सम्राट,

हे पत्र सावकाश वाच. मी कामावर रजा टाकून लिहिते आहे.

बायडाआज्जी त्र्याण्णव वर्षांची आहे. कंबर पार वाकली, डोळे अंधुक, पण डोकं आपल्या दोघांचं मिळून होणार नाही इतकं साफ. गारगोटीत तिच्या सावत्र नातवाकडे असते. मी फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो डोळ्यांना चिकटवून पाहिला, आणि म्हणाली, "कृष्णात." मग तोंडावर हात ठेवला. अठ्ठ्याहत्तर वर्षांत हे नाव तिनं उच्चारलं नव्हतं.

तिनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. तिच्या शब्दांत लिहायची माझी लायकी नाही.

तार आली तेव्हा त्यांचे वडील, म्हणजे आपले पणजोबा, यांनी सगळं रीतसर केलं. प्रेत नव्हतं म्हणून पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला. दहावा, बारावा झाला. कोल्हापूरच्या सोनाराकडून टाक घडवून देवघरात बसवला. बायकोच्या, म्हणजे आपल्या अंबूआज्जीच्या, बांगड्या फोडल्या. ती तेव्हा विशीत होती, मूलबाळ नव्हतं.

आणि शेहेचाळीस साली मळणीच्या दिवसांत, भर दुपारी, तो वेशीत येऊन उभा राहिला. खांद्यावर लष्करी पिशवी. पोरं ओरडत पळाली, बायकांनी दारं लावली. पणजोबा वेशीपर्यंत गेले. ज्याला अग्नी दिला, ज्याला देवांत बसवला, त्याला घरात घेतलं तर घर बसेल, असं सगळ्या वाडीचं मत होतं. आणि खरं सांगू का, पणजोबा त्याला घाबरले होते. बापानं लेकाला आत येऊ दिलं नाही. तो एक शब्द न बोलता ऊन कलेपर्यंत पिंपळाखाली बसून राहिला, मग पिशवी उचलून आल्या वाटेनं गेला. अंबूआज्जीनं वेशीलगतच्या घरातून, स्वयंपाकघरातून त्याचा खोकला ऐकला आणि ओळखला.

इटलीत गाडला न गेलेला माणूस वाडीच्या वेशीत असा गाडला गेला. जाणार कुठं? इंग्रजांच्या मुंबई इलाख्याच्या पोलिसात भरती झाला. लढाईतून आलेले गडी त्यांना पाहिजेच होते. आण्णा आजवर कौतुकानं सांगत आले ना, आबा इंग्रजांच्या अमदानीपासून पोलीस, ते हेच. काम काय, तर सभा मोडायच्या, मिरवणुका पांगवायच्या, लाठ्या चालवायच्या. सम्राट, इथे बायडाआज्जीनं फोटो उलटा करून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, तुझ्या आबानं हे एकदाच सांगितलं, मलाच. जसं त्यानं सांगितलं तसं तिनं मला सांगितलं:

"आई, लई मारलं म्या. हात थांबायचाच न्हाई. मला वाटायचं, म्या तर मेल्यालो हाय. मेलेल्या मानसाला कुठलं पाप लागतंय? एक म्हातारा पडला डोक्यावर घाव बसून. त्यो उठला का न्हाई, त्ये बी मागं वळून बघितलं न्हाई."

आपल्या देवघरापुढं मला मांडीवर घेऊन बसणारा माणूस, सम्राट. मला त्याला पाठीशी घालायचं नाही, आणि तसं बायडाआज्जीनंही घातलं नाही.

इकडे अंबूआज्जी. तिनं घरात सांगून टाकलं की माझा नवरा जित्ता आहे, मी विधवा नाही. कुणी ऐकेना. वर्ष गेलं, त्यावर काही महिने गेले. मग एक दिवस ही बाई, जी कधी वाडीबाहेर एकटी गेली नव्हती, चालत गारगोटीला त्र्यंबकभटजींच्या दारात जाऊन उभी राहिली. तुमच्या पोथीत माणसाला मारायचे एवढे विधी आहेत, जिता करायचा एकही नाही का, असं तिनं विचारलं. भटजींनी पोथ्या काढल्या. आहे म्हणाले. ज्याचं क्रियाकर्म झालं आणि जो परत आला, त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा. आईच्या पोटातून. मग पाचवी, मग बारसं, मग लग्न. सगळं पहिल्यापासून.

पण आई कुठली आणायची? त्याची आई कधीच वारलेली. थोरल्या जावांना विचारलं, त्यांनी कानांवर हात ठेवले. मेलेल्याला जन्म देणारीची स्वतःची पोरं वाचत नाहीत, असं कुणीतरी उठवून दिलं होतं. तेव्हा पंधरा वर्षांची बायडा पुढे झाली. तिचं लग्न कागलला ठरलेलं होतं, हळदीची तिथी निघायची होती.

मी तिला विचारलं, भीती नाही वाटली? ती म्हणाली, "वाटली की. पर वयनीकडं बघवंना."

भटजींच्या शब्दावर पणजोबा नमले, निरोप धाडून त्याला बोलावून घेतलं आणि ओढ्याच्या काठी विधी झाला. बायडा दगडाला पाठ टेकून बसली. अंगावर घोंगडं. इटलीतून गोळी खाऊन आलेला, एकोणतीस वर्षांचा, मिशाळ गडी गुडघे पोटाशी घेऊन त्या घोंगड्याखाली तिच्या पायांशी शिरला. भटजी म्हणाले, कळा आल्या पाहिजेत. तिला लाज वाटत होती, सगळी वाडी ओढ्यापलीकडे उभी. मग तिनं समोर अंबूआज्जीला पाहिलं, पांढऱ्या कपाळाची, मोकळ्या हातांची, आणि ती ओरडली. सम्राट, ती सांगते, पहिली आरोळी खोटी होती, दुसरीपासून खरी यायला लागली, कुठून ते तिला आजही कळलेलं नाही. पलीकडच्या म्हाताऱ्या बाया रडायला लागल्या. पुरुषांनी पाठ फिरवली. आणि घोंगड्याखालून तो बाहेर आला तो हुंदके देत आला. जन्मलेलं पोर रडतं तसा, तोंड वासून. कापसाच्या दोऱ्याची नाळ कापली. तिनं त्याला मध चाटवला, अंगावर पाणी घातलं. मग बारा दिवस तो झोपडीत पडून राहिला. बोलायचं नाही, कारण तान्ह्याला बोलता येत नाही. ती रोज त्याला भरवायची. बाराव्या दिवशी तिनं त्याच्या कानात नाव सांगितलं, जोतीराम. त्याच फाटक्या कानात.

त्याला जुन्या नावानं कुणी हाक मारायची नाही, मारली तर मागचा उठेल, आणि पोरांनी विचारलं तर कृष्णात म्हणजे मेलेला थोरला भाऊ एवढंच सांगायचं, असा वाडीला दंडक घातला. म्हणून आण्णांच्या कानावरही कधी काही गेलं नाही. अंबूआज्जीचं त्याच नवऱ्याशी पुन्हा लग्न लागलं. मग तो संस्थानच्या पोलिसात नव्यानं भरती झाला, जोतीराम म्हणून.

आणि बायडाचं कागलचं लग्न मोडलं. मेलेल्याची आई कोण करून घेणार? पुढे तिशीत एका बिजवराशी लग्न झालं. पोटचं मूल झालं नाही. मी हे ऐकून रडायला लागले तर ती मलाच रागावली. "रडायला काय झालं? मला लेक हुता की. जमादार हुता."

सम्राट, मी काय लिहू. मी इतके दिवस लढाईचे फोटो, पलटणींचे पराक्रम वाचून हरखून जात होते. ओढ्याकाठी ओरडलेली ती पंधरा वर्षांची पोर मला त्या सगळ्यांपेक्षा मोठी वाटते. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही.

टाकाचं विचारलं. लेक जिता झाल्यावर पणजोबा तो नदीत सोडायला निघाले होते. आबांनी अडवलं. म्हणाले, त्यो मेलाच हाय, त्याला ऱ्हाऊ दे, त्यानं केल्यालं मी रोज धुतो.

आणखी एक. आबा उजवा हात खांद्याच्या वर नेत नसत, चौकीत त्यांची लाठी कायम कोपऱ्यात असायची. हात ड्युटीवर कशात तरी दुखावलाय, असं आण्णा सांगत आले. बायडाआज्जी म्हणाली, हात धड होता, त्याच हातानं तो वाडीत ऊस तोडायचा. वर्दी घातली की तो हात वर जात नव्हता, ओढ्याकाठी जन्म झाल्यापासून.

हे ऐकताना मला तू आठवलास. त्या मोर्च्याच्या दिवशी घरी येऊन तू उजवा हात मांडीखाली घालून बसला होतास, आणि आण्णा विचारत होते की दुखतोय का.

शेवटी तुझं सांगितलं. आंघोळीचं, आणि अमावास्येच्या पानाचं. ती हसली, दात नसलेलं हसू. "एकाला जन्म दिलाय. कंबर गेलीया, पर दुसरा बी हुईल. बाप काय म्हणतोय त्ये बघ. दार उघडायचं बापाच्या हातात असतंय."

ताई


गडमुडशिंगी
२१ सप्टेंबर २०२५, सर्वपित्री

सम्राट,

गुरुवारी बायडाआज्जीला गाडीतून आणलं. आण्णांच्या समोर खुर्चीत बसवलं. फोटो मी आधीच आण्णांच्या हातात दिला होता, त्यांनी तो पाहिला होता. आज्जीनं सगळं पुन्हा सांगितलं, ओढा, घोंगडं, बारसं, तो म्हातारा, तो हात. आण्णा मध्येच उठून जातील असं वाटत होतं, नाही गेले. तिचं बोलणं संपल्यावर फक्त विचारलं, "आत्ती, आबा मला का न्हाई बोलले?" ती म्हणाली, "तू लई सरळ पोलीस हुतास बाबा."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी वाडीत फोन करून सांगितलं, दगडावर आमचं नाव घालू नका, आमचा माणूस घरी आला होता. बाकी तुझ्याबद्दल अवाक्षर नाही. मी रोज वाट पाहत होते. विचारायचा धीर झाला नाही, म्हणजे बघ, मला धीर झाला नाही.

आज सकाळपासून स्वयंपाक केला. आईचं, अंबूआज्जीचं, आबांचं अशी पानं मांडली. तुझं मांडलं नाही. म्हटलं, बघू ओरडतात ते, आज मीही ओरडणार होते. ते सोवळं नेसून आले. पानं बघितली. एकेका पानापुढं थांबत सगळी ओळ चालत गेले. ओळ संपली तिथं, मोकळ्या फरशीपुढं, उभे राहिले, आणि मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मग म्हणाले, "कागद घे. बस. लिही." मला वाटलं दगडाबद्दल काही असेल. ते भिंतीला टेकून उभे राहिले, हात मागे बांधून, जसे ठाण्यात उभे राहत असतील, आणि सांगायला लागले. माझ्या आयुष्यात मी आण्णांनी लिहिलेलं एकही पत्र पाहिलेलं नाही. त्यांना पत्र येत नाही, सम्राट, त्यांना हेच येतं. मध्ये दोनदा आवाज गेला तेव्हा मी पेन थांबवून खाली बघत राहिले. एक शब्द मी बदललेला नाही. सही त्यांची आहे.

आज्जी अजून इथंच आहे, उन्हात बसून विचारते, पोराचं वजन किती.

ताई


जबाब

मी, विजयसिंह इंदुलकर, वय ७५ वर्षे, धंदा पेन्शनर, राहणार गडमुडशिंगी, समक्ष विचारल्यावरून लिहून देतो की, मी वरील ठिकाणी मुलीसह राहण्यास आहे. मला सम्राट नावाचा एक मुलगा असून तो हयात आहे.

सन २०१८ साली सदर मुलाने पोलीस खात्याचा राजीनामा दिल्याने मी रागाच्या भरात त्याच्या नावाने आंघोळ केली. त्या वेळी मी त्यास राजीनाम्याचे कारण विचारले नव्हते. तो सांगत होता, मी ऐकून घेतले नाही. आता मला कारण समजले आहे. राजीनाम्याबाबत माझी त्याचेविरुद्ध कोणतीही तक्रार राहिलेली नाही.

आज रोजी म्हाळाचे वेळी त्याचे पान वाढलेले नाही व पुढेही वाढले जाणार नाही.

जन्माचा विधी करणे अगर न करणे हे सदर मुलाने ठरवावे. केल्यास त्याची आई मयत असल्याने आईचे जागी मुलगी प्रियदर्शनी हिने बसण्याचे आहे. बायडाआत्तीचा हट्ट आहे, परंतु तिचे वय पाहता तिला परवानगी देता येत नाही. नाव बदलण्याची आवश्यकता नाही. नाव मीच ठेवलेले असून ते चांगले आहे.

सदर मुलगा घरी येईल त्या वेळी मी स्वतः वेशीपर्यंत चालत जाणार आहे. गुडघे दुखत असल्याने वेळ लागेल. त्याने तेथे थांबावे, परत जाऊ नये.

वरील जबाब माझे सांगणेप्रमाणे लिहिला असून तो मला वाचून दाखवला, तो बरोबर व खरा आहे.

समक्ष
विजयसिंह कृष्णात ऊर्फ जोतीराम इंदुलकर